ही उन्हाळी नव्हे

प्रश्न : आम्ही सोलापुरात साखर पेठेत राहतो. माझे वडील 62 वर्षांचे आहेत. 1985 पासून 2012 पर्यंत त्यांनी शहरातल्याच एका रंगखान्यात सूत रंगवण्याचे काम केले. चाळीस वर्षांपासून ते विडी ओढतात, दिवसाला साधारण एक बंडल लागतो. एप्रिलमध्ये एके दिवशी सकाळी त्यांना कुंकवाच्या पाण्यासारखी लाल लघवी झाली. दोन दिवसांत तीन-चार वेळा तसे झाले आणि आपोआप थांबले. दुखणे, जळजळ, ताप यांपैकी काहीच नव्हते. शेजारच्या मावशी म्हणाल्या की उन्हाळी लागली आहे. त्यांनी सब्जाचे आणि धने-जिऱ्याचे पाणी द्यायला सांगितले आणि लघवी स्वच्छ झाली. महिन्याभराने मी हट्टाने तपासणी करून घेतली. लघवीच्या अहवालात तांबड्या पेशी 8 ते 10 आणि पू-पेशी 2 ते 3 आहेत. सोनोग्राफीत प्रोस्टेट किंचित मोठे आहे, बाकी सारे नीट आहे. पाच वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यापासून ते ॲस्पिरिन घेतात. रक्त त्यामुळेच आले असे काकांचे मत आहे. दोन वर्षांपूर्वी आईलाही लाल लघवी झाली होती, पण ती पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरी झाली. वडील म्हणतात, ‘आता काही होत नाही, मग कशाला दवाखान्याच्या पायऱ्या झिजवायच्या?’ आणखी तपासण्या खरेच करायला हव्यात का?

उत्तर : ताई, हव्यात, आणि त्या पुढच्या एक-दोन आठवड्यांतच व्हाव्यात. वडिलांना मूत्ररोगतज्ज्ञाकडे, म्हणजे ज्यांना आपण यूरॉलॉजिस्ट म्हणतो त्यांच्याकडे न्या. आपल्या पत्रात घरातल्या सर्वांना ज्या दोन गोष्टींमुळे धीर आला आहे, म्हणजे काही दुखले नाही आणि रक्त आपोआप थांबले, त्याच दोन गोष्टी वाचून मला काळजी वाटली. तिचे कारण सविस्तर सांगतो, म्हणजे वडिलांशी बोलताना ते आपल्या हाताशी राहील.

प्रथम उन्हाळीविषयी. पारा चाळीसच्या वर गेला की सोलापुरातल्या प्रत्येक गल्लीत कोणाला तरी उन्हाळी लागते आणि तो त्रास काही काल्पनिक नाही. घामावाटे पाणी निघून जाते, लघवी थोडी आणि दाट होते, तिचा रंग गडद पिवळा होतो आणि जाताना आग होते. पाणी पोटात गेले की एक-दोन दिवसांत उतार पडतो. मात्र उन्हाळीत आग होते, रक्त येत नाही. आपल्या वडिलांच्या बाबतीत नेमके उलटे घडले : आग मुळीच नव्हती आणि रक्त होते. सब्जाने कोणाचे वाईट होत नाही, परंतु रक्त थांबण्याचे श्रेय त्याला देता येणार नाही. मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या आतल्या अस्तरावर एखादी गाठ असेल, तर तिच्या पृष्ठभागावरच्या नाजूक रक्तवाहिन्या केव्हातरी फुटतात, रक्त येते, मग तिथे गुठळी बसून ते थांबते आणि पुन्हा काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी दिसते. दोन वेळांच्या मधला हा स्वच्छ काळ रुग्णाला बरे झाल्यासारखा वाटतो आणि बहुतेकांचे मोलाचे महिने त्यातच निघून जातात. ‘मागच्या दिवाळीतही एकदा असेच झाले होते’ हे वाक्य मी तपासणीच्या खोलीत इतक्या वेळा ऐकले आहे, की आता तो प्रश्न मी आपणहून विचारतो. आपणही वडिलांना तो विचारून पाहा.

लाल दिसलेले सारेच रक्त नसते, हेही खरे. बीट खाल्ल्यावर काही जणांना गुलाबी लघवी होते आणि क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिनमुळे ती नारिंगी होते. म्हणून रंगापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसले याला महत्त्व असते. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात तीन किंवा त्याहून अधिक तांबड्या पेशी दिसल्या, तर लघवीत रक्त आहे असे मानतात. वडिलांच्या अहवालात त्या 8 ते 10 आहेत आणि तेही लघवी डोळ्यांना स्वच्छ दिसत असताना. याचा अर्थ रक्त पूर्णपणे थांबलेलेच नाही. ते फक्त दिसेनासे झाले आहे.

आता हे रक्त येते कुठून ते पाहू. मूत्रपिंडापासून मूत्रमार्गाच्या टोकापर्यंतच्या वाटेवर कुठेही रक्तस्राव झाला तरी तो लघवीतच उतरतो, त्यामुळे कारणांची यादी लांब आहे. मूत्रपिंडातील गाळणीलाच सूज आली, तर लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी काळपट होते, तिच्यात प्रथिने जातात, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, रक्तदाब वाढतो. लहान मुलांमध्ये जंतुसंसर्गाने घसा दुखल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी असे होते आणि खरूज चिघळण्यासारख्या त्वचेच्या जंतुसंसर्गानंतर ते आणखी उशिरा दिसते. असा रुग्ण यूरॉलॉजिस्टकडे न जाता मूत्रपिंडविकारतज्ज्ञाकडे, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टकडे जायला हवा. वडिलांच्या अहवालात प्रथिनांची किंवा अल्ब्युमिनची ओळ असेल ती पाहा. तिथे ‘नाही’ असे लिहिले असेल आणि लघवीचा रंग आपण लिहिता तसा उघडा लाल असेल, तर गाळणीच्या आजाराची शक्यता बरीच मागे पडते.

मुतखडा हे आपल्या भागातले नेहमीचे कारण आहे. मागावर किंवा उन्हात काम करणारा माणूस दिवसभरात तांब्याभर पाणीही पीत नाही, लघवी दाट राहते, तिच्यातले क्षार बसत जातात आणि खडा तयार होतो. तो मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत उतरला की कुशीतून जांघेकडे जाणारी अशी कळ येते की माणूस जमिनीवर गडबडा लोळतो; त्या वेळी खड्याच्या घर्षणाने रक्त येते. हुलग्याचे पाणी पिऊन खडा ‘विरघळला’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. लहान खडे पुरेसे पाणी प्यायल्याने पुष्कळदा आपणहून पडतात, आणि हुलग्याच्या निमित्ताने पाणीच पोटात जाते, एवढाच त्याचा अर्थ. वडिलांना अशी कळ आलेली नाही. मूत्रपिंडात निवांत बसलेला खडा न दुखताही थोडे रक्त देऊ शकतो, पण सोनोग्राफीत खडा दिसलेला नसताना त्याच्यावर सारे सोपवून मोकळे होता येणार नाही.

आईंच्या दुखण्याशी तुलना करून आपण एक चांगला प्रश्न विचारला आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. त्यांना जळजळ होते, दर अर्ध्या तासाने जावे लागते, ओटीपोटात दुखते आणि सुजलेल्या अस्तरातून रक्तही येते. योग्य प्रतिजैविकाने हे सारे जाते. म्हणजे आईंच्या रक्ताला एक कारण होते आणि ते लक्षणांतून दिसत होते. वडिलांना ना जळजळ आहे, ना ताप, आणि पू-पेशीही 2 ते 3 एवढ्याच आहेत, म्हणजे जंतुसंसर्गाचा पुरावा नाही. ‘आईला चालल्या त्याच गोळ्या’ त्यांना देऊन पाहणे म्हणजे आणखी महिनाभर घालवणे आहे, ते कृपया करू नका. येथे एक गोष्ट आपल्या देशात विसरून चालत नाही, ती मूत्रपिंडाच्या क्षयाची. लघवीत पू-पेशी पुष्कळ असाव्यात आणि कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, मात्र जंतू उगवू नयेत, असे वारंवार घडले की क्षयाची तपासणी वेगळी मागावी लागते. वडिलांचे चित्र तसे नाही, पण अनेक महिने प्रतिजैविके बदलत बसलेल्या वाचकांसाठी हे लिहून ठेवतो.

काकांच्या ॲस्पिरिनच्या मुद्द्यात अर्धेच तथ्य आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने रक्तस्राव लवकर दिसतो आणि जरा जास्त वेळ टिकतो. पण धडधाकट अस्तरातून ती रक्त काढत नाही. पत्र्याला भोक असल्याशिवाय घर गळत नाही, पाऊस कितीही जोराचा असो. अशा गोळ्या घेणाऱ्या रुग्णांची पूर्ण तपासणी केल्यावर, त्या न घेणाऱ्यांइतक्याच प्रमाणात मूळ आजार सापडतात, म्हणून गोळी चालू आहे या कारणाने तपासणी टाळू नये असाच वैद्यकातला प्रघात आहे. त्याचबरोबर, स्टेंट बसवलेल्या माणसाने ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. ती थांबवायची की नाही, आणि थांबवली तर किती दिवस, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि यूरॉलॉजिस्ट यांनी मिळून ठरवायचे असते.

प्रोस्टेटचेही, म्हणजे पुरुषांत मूत्राशयाच्या खाली असणाऱ्या ग्रंथीचेही, तसेच. साठीनंतर ती थोडी मोठी असणे पुरुषांत इतके सर्रास आहे की ती सोनोग्राफीत सापडली यात नवल नाही, आणि तिच्यावरच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त येऊही शकते. परंतु बाकी सर्व कारणे तपासून बाजूला ठेवल्यावरच प्रोस्टेटला जबाबदार धरायचे असते. ती आधी सापडली म्हणून आधी दोषी ठरवायची नसते.

आता ज्या कारणासाठी मी हे उत्तर लांबवले, त्याकडे येतो. वडिलांनी 27 वर्षे रंगखान्यात काढली आणि चाळीस वर्षे विडी ओढली. वरवर या दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, पण मूत्राशयाच्या दृष्टीने त्या जवळजवळ एकच आहेत. 1895 मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने फ्रँकफुर्टजवळ फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे मांडले. पुढील काळात हा दोष बेंझिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन यांसारख्या रसायनांचा असल्याचे सिद्ध झाले. शास्त्रज्ञ त्यांना ॲरोमॅटिक अमाइन म्हणतात. ती कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातात, यकृत त्यांचे रूपांतर करते, मूत्रपिंड ती गाळून लघवीत टाकते आणि मग ती लघवी तासन्‌तास पिशवीत साठून राहते. शरीरातल्या इतर कोणत्याही भागापेक्षा मूत्राशयाच्या अस्तराचा या विषाशी संबंध जास्त वेळ येतो, आणि कामाच्या घाईत लघवी दाबून धरणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या कामगाराच्या बाबतीत तो आणखीच वाढतो. तंबाखूच्या धुरातही याच कुळातली रसायने असतात. म्हणूनच मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान हे मानले जाते. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा समज निराधार आहे.

बेंझिडिनपासून बनणाऱ्या रंगांवर आपल्याकडे 1990 च्या दशकात बंदी आली. वडील कामाला लागले 1985 मध्ये. म्हणजे हातमोजे न घालता रंगाच्या पिंपात लडी बुडवण्याची त्यांची पहिली काही वर्षे त्या बंदीपूर्वीची आहेत. काम सोडून बारा-तेरा वर्षे झाली, आता त्याचा काय संबंध, असे वडील म्हणतील. या आजाराची तऱ्हा अशी की पहिल्या संपर्कापासून गाठ दिसेपर्यंत वीस-तीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जाऊ शकतो. निवृत्तीनंतरच तो पुष्कळदा समोर येतो. कामाचा हा इतिहास डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण गर्दीच्या ओपीडीत ‘पूर्वी काय काम करत होता?’ हा प्रश्न विचारायचा राहून जातो. कोणते रंग वापरत होते, डब्यांवरची कोणती नावे आठवतात, हात आणि थुंकी किती दिवस रंगीत राहायची, हे वडिलांकडून एका कागदावर लिहून घ्या. कामाच्या जुन्या आठवणी निघाल्या की माणूस बोलू लागतो, हा माझा अनुभव आहे. कदाचित तपासणीचे दारही त्यातूनच उघडेल.

एवढे वाचून घाबरून जाऊ नका. वडिलांना कर्करोग झाला आहे, असे मी म्हणत नाही. पत्रावरून ते कोणालाही म्हणता येणार नाही. डोळ्यांना दिसेल असे रक्त लघवीत आलेल्या प्रौढ रुग्णांची पूर्ण तपासणी केली असता साधारण दहांपैकी एका-दोघांत मूत्रपिंडापासूनच्या लघवीच्या वाटेवरचा एखादा कर्करोग सापडतो, म्हणजे आठ-नऊ जणांत सापडत नाही. मात्र वय, पुरुष असणे, विडी आणि रंगखाना हे सारे एकत्र आल्यावर आपले वडील त्या एका-दोघांत नाहीत, हे गृहीत न धरता तपासून घेतले पाहिजे.

सोनोग्राफी नीट आली तरी ती पुरेशी नाही. पिशवी पूर्ण भरलेली नसताना केलेल्या सोनोग्राफीत लहान गाठ अस्तराच्या घड्यांत लपते, अस्तराला चिकटून सपाट पसरणारा प्रकार तर भरलेल्या पिशवीतही दिसत नाही, आणि मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यांच्या वायूमुळे झाकलेला राहतो. म्हणून दोन तपासण्या लागतात. एक म्हणजे सीटी यूरोग्राफी, जिच्यात शिरेतून औषध देऊन मूत्रपिंडे आणि मूत्रवाहिन्या यांची चित्रे घेतात. त्याआधी मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे कळण्यासाठी रक्तातील क्रिॲटिनिन पाहतात, आणि वडील मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील किंवा पूर्वी अशा औषधाची ॲलर्जी झाली असेल, तर ते आधी सांगायचे असते. दुसरी आणि अधिक महत्त्वाची तपासणी म्हणजे दुर्बिणीतून मूत्राशय आतून पाहणे, म्हणजे सिस्टोस्कोपी. तिच्या नावानेच पुरुष मंडळी पाठ फिरवतात, त्यामुळे वडिलांना हे नीट सांगा की बधिर करणारी जेली लावून लवचिक दुर्बीण आत घालतात, काम पाच-दहा मिनिटांत होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. पुढचे एक-दोन दिवस थोडी जळजळ आणि गुलाबी छटा राहते. पाणी जास्त प्यायचे, आणि थंडी वाजून ताप आला तर लगेच परत जायचे. लघवीतील पेशींची सायटॉलॉजी ही तपासणी जोडीला सांगतात. ती आक्रमक गाठी चांगल्या ओळखते, पण मंद वाढणाऱ्या गाठी तिच्यातून निसटतात, म्हणून केवळ ती चांगली आली या आधारावर दुर्बीण टाळू नये.

आणि समजा गाठ निघालीच, तर ती लवकर निघण्यासारखे भाग्य नाही. मूत्राशयाच्या बहुतेक गाठी, साधारण चारांपैकी तीन, प्रथम सापडतात तेव्हा अस्तरापुरत्याच असतात, स्नायूत शिरलेल्या नसतात. त्या पोट न फाडता, लघवीच्या वाटेने दुर्बिणीतूनच काढतात. काहींना त्यानंतर पिशवीत औषध सोडतात, आणि गंमत अशी की लहानपणी आपल्या दंडावर टोचतात ती क्षयाची बीसीजी लस याही कामी येते. अशा गाठी पुन्हा उगवण्याची खोड मोठी असल्यामुळे ठरावीक महिन्यांनी दुर्बीण घालून पाहत राहावे लागते. स्नायूत शिरल्यावर मात्र प्रकरण वेगळ्याच वळणावर जाते आणि पुष्कळदा पिशवीच काढावी लागते. वाट पाहण्याची किंमत एवढी आहे.

पैशाची अडचण असेल, तर सिव्हिलमध्ये चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्ररोग आणि कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्यांना आधीच भेटावे, म्हणजे आयत्या वेळी धावपळ होत नाही. लघवीविषयी लेकीशी बोलणे वडिलांना अवघड जात असेल, तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत काकांना सोबत पाठवा. ॲस्पिरिनचा मुद्दा त्यांनीच मांडू दे आणि उत्तरही त्यांनीच ऐकू दे. विडी आजपासून बंद व्हावी. चाळीस वर्षांनंतर सोडून काय उपयोग, हा प्रश्न ते विचारतीलच. सोडल्यापासून धोका हळूहळू उतरतो आणि गाठ निघाल्यास उपचारानंतर ती परतण्याचे प्रमाणही न सोडणाऱ्यांपेक्षा कमी राहते, असे त्यांना सांगा. दरम्यान पुन्हा लाल लघवी झाली आणि तिच्यात गुठळ्या दिसल्या, लघवी अडली, चक्कर आली किंवा ताप भरला, तर ठरवलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

राहता राहिल्या आई. गोळ्यांनी जळजळ थांबल्यावर त्यांची लघवी पुन्हा तपासली होती का, हे आपण लिहिलेले नाही. जंतुसंसर्ग बरा झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखालचे रक्तही गेले आहे याची एकदा खात्री करायची असते, कारण ‘पुन्हा इन्फेक्शन’ असे म्हणत स्त्रियांना गोळ्यांमागून गोळ्या दिल्या जातात आणि खरे निदान पुरुषांपेक्षा उशिरा होते. पाळी गेल्यानंतर आलेले रक्त लघवीतून आले की अंगावरून गेले, हेही त्यांना एकांतात विचारून घ्या, कारण दुसऱ्या प्रकारात स्त्रीरोगतज्ज्ञ लागतात. वडिलांना ज्या दिवशी न्याल त्याच दिवशी आईंचाही नमुना द्या : सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार स्वच्छ डबीत घ्यायची आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायची.